हात सोडायचे, डोळे नाही

लेस्टर, ११ फेब्रुवारी

मधू, जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वर्षांपासून एकच टिक येते, म्हणजे मला ब्लॉक केलंस, एवढं मलाही कळतं. म्हणून पत्र. नातीच्या, निधीच्या, टेबलावरून जाड काळा मार्कर उचलला आहे. एका पानावर पंधरा ओळी मावतात. पाकीट जाड होईल, होऊ दे. तुझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि माझं पत्र दुसऱ्या कोणी तुला वाचून दाखवावं हे मला नको.

तब्येत विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. कशी आहेस? मी ठीक. गुडघा नाही ठीक. बोटं तर सकाळी उघडतच नाहीत, किटली धरायला दहा मिनिटं लागतात. होजिअरीत बावीस वर्षं ओव्हरलॉक चालवलं त्याचं हे. तुझीही तशीच असतील, माझ्या शेजारच्याच मशीनवर होतीस.

मुद्द्यावर येते. राजेंद्रने माझी जुनी गाडी विकली आणि नवीन आणली. मी मागितली नव्हती. म्हणे आई, तुझे हात दुखतात, ही गाडी मोटरवेवर आपली आपण चालते. म्हटलं, मग मी काय करू, तिकीट काढून बसू? तर म्हणे नाही, बसायचं ड्रायव्हरच्याच जागेवर, समोर बघायचं, फक्त स्टिअरिंग धरायचं नाही. डायलमागे एक बारका कॅमेरा आहे. तो रस्त्याकडे नाही बघत, माझ्याकडे बघतो. मी कुठे बघून राहिली ते तो बघतो. राजेंद्रने तीनदा सांगितलं, "आई, हात सोडायचे, डोळे नाही. डोळे हलले की ती ओरडणार."

म्हटलं, म्हणजे मधुमती बसवली आहे आत.

तो हसला. मग गाडीचं पुस्तक काढून बसला. तुझं नाव या घरात निघालं की सगळ्यांना असंच दुसरं काम आठवतं.

तर तेही बोलून टाकते, मला लांबण लावता येत नाही. त्या पौर्णिमेला हॉलसमोर मी जे बोलले ते बोलले. रिव्हर्स घेताना तुझी गाडी गेटवर गेली, मी किल्ली तुझ्या हातातून घेतली आणि म्हटलं, चष्मा बदल नाहीतर गाडी विक, माणसं मारायची आहेत का. चाळीस लोक उभे होते त्याला मी काय करू. पण पुढे तुझ्या लायसन्सचं जे झालं, स्वान्सीच्या लायसन्स ऑफिसातून तो फॉर्म आला, तू चिडून लायसन्सच परत पाठवलंस आणि घर सोडून रीडिंगला मुलाकडे गेलीस, त्यात माझा हात नाही. तेव्हाही फोनवर सांगितलं होतं. मी तोंडावर बोलणारी बाई आहे.

उत्तर दे.

चंदा


लेस्टर, ८ मार्च

मधू, जय भीम.

उत्तर नाही आलं. बरं.

गाडी मोटरवेवर नेली. राजेंद्र शेजारी. जंक्शन एकवीसवरून एम-वनला लागलो, जरा पुढे गेल्यावर डायलवर निळा रंग आला. म्हणजे आता सोडा. मी नाही सोडले.

"सोड ना आई."

"सोडते."

"कधी?"

वॉटफर्ड गॅपला थांबून चहा प्यायलो तोपर्यंत सोडले नव्हते. त्या चहाचे काय पैसे घेतात ते लिहीत नाही, तुझं बीपी वाढेल. चहानंतर सोडले. सोडले म्हणजे काय, स्टिअरिंगपासून बोटभर वर धरले. भाकरी टाकायच्या आधी तवा तापला का बघतो ना आपण, तसे. आणि स्टिअरिंग आपलं आपण हलायला लागलं, थोडं इकडे, थोडं तिकडे, जसं काही कोणी अदृश्य माणूस माझ्या मांडीवर बसून चालवतो आहे. माझा पाय हवेतच ब्रेक दाबत होता.

तेव्हा तू आठवलीस. सुपरमार्केटचं कार पार्क, रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. तुझी लाल गाडी. तू पहिल्या झटक्यात टेस्ट पास झालेली आणि मी तीनदा नापास. मास्तरचे पैसे परवडत नव्हते, म्हणून तू शिकवायला बसलीस. तुझ्या बाजूला ब्रेक नव्हता तरी तू असा पाय दाबायचीस की तिथल्या मॅटला भोक पडलं. दाढा आवळून म्हणायचीस, "चंदे, हाताला काय अक्कल आहे? गाडी डोळ्याने चालते." चौथ्यांदा पास झाले ते तुझ्यामुळे. हे मी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना वाटतं मास्तर चांगला होता.

आता मी तुझ्या जागेवर आणि शिकाऊ म्हणून ही गाडी. पण चालवते माझ्याहून बरी, खोटं कशाला बोलू. लेन सोडत नाही, समोरच्याच्या ढुंगणाला चिकटत नाही. एकदा मी शेतातल्या मेंढ्या बघितल्या, नवीन पिल्लं होती. लगेच टुण्ण. डायलवर लिहून आलं, रस्त्याकडे बघा. चाळीस वर्षं मेंढ्या बघून राहिली, आत्ता कोणी टोकलं.

घरी आल्यावर मात्र बोटं दुखली नाहीत. दोन तासांच्या ड्रायव्हिंगनंतर पहिल्यांदा. हे तुला सांगावंसं वाटलं.

चंदा


लेस्टर, १२ एप्रिल

मधू, जय भीम.

तिसरं पत्र. मार्कर संपला, दुसरा विकत आणला.

आता सवय झाली. चांगलीच झाली. गेल्या महिन्यात दोनदा लंडनला, हाउन्सलोला जाऊन आले, तिथल्या मंडळींच्या कार्यक्रमाला. चार बाया घेऊन. नंदा पुढे, बाकी तिघी मागे. नंदा तुला माहीत आहे, हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती, कमी बोलते. ती पहिल्यांदा घाबरून डॅशबोर्ड धरून बसली. मी म्हटलं, नंदा, ही माझ्यापेक्षा शहाणी आहे, सोड तो डॅशबोर्ड. मागच्या तिघींनी तर व्हिडिओ काढले. चंदाताई हात सोडून गाडी चालवून राहिली. नागपूरला इंदोऱ्यापर्यंत गेले ते व्हिडिओ, माझ्या भाच्याचा फोन आला.

संत्रं सोललं गाडीत. साल काढताना दोनदा टुण्ण झालं, मान वर केली की गप्प. मग कळलं, हाताने काहीही करा, तिला घेणंदेणं नाही, नजर समोर पाहिजे. मग काय, बायांनी भीमगीतं सुरू केली आणि मी टाळ्या धरल्या. सत्तर मैलाच्या स्पीडला, दोन्ही हातांनी. एक लॉरीवाला बाजूने गेला तो बघतच राहिला. मागच्या तिघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवताना मी गाण्यात होते. एरवी लोक मागे गातात आणि ड्रायव्हर आरसे बघतो. तू बारा वर्षं सगळ्यांना नेलंस, तुला माहीत आहे.

राजेंद्रला सांगितलं तर त्याला नाही आवडलं. म्हणाला, आई, ती गंमत नाही, कधीही धरावं लागेल, हात जवळ ठेव. मी म्हटलं, तूच तर सोड सोड करत होतास.

दुसरं एक. राजेंद्र तुझ्या अतुलशी बोलतो अधूनमधून. त्याने सांगितलं की तू सुनेशी बोलत नाहीस. एका किचनमध्ये दोन वर्षं, आणि चहाची पातेली वेगळी. वैभवी डबा भरून ठेवते आणि तू तो तसाच फ्रिजमध्ये ठेवून ब्रेड खातेस. मधू, सोड ना आता. तुझ्या डोळ्यांचं स्वान्सीला तिने कळवलं असेल तर असेल, झालं गेलं. तुझ्या भल्यासाठीच केलं असेल.

पौर्णिमेचा कार्यक्रम तीन मेला, हाउन्सलोलाच. खीर माझ्याकडे आहे. रीडिंग तिथून लांब नाही. येशील तर ये.

चंदा


लेस्टर, ६ मे

मधू,

तू आली नाहीस. बरंच झालं.

गाडीत बिघाड निघाला. रविवारी जाताना मधल्या लेनमध्ये अचानक ब्रेक मारले तिने आणि हळू हळू थांबायलाच लागली. मागून लॉरी. कोणाला लागलं नाही. सगळे ठीक. रोडवर्क्समुळे आधीच उशीर झाला होता. नंदा म्हणाली तिथली वंदना चुकणार, तर इथेच घेऊ. ती घेत होतो तेवढ्यात हे झालं. डिकीत खिरीची दोन पातेली होती, एकाचं झाकण उडालं, सगळी खीर कार्पेटवर. राजेंद्रने तीनदा शाम्पूने धुतलं तरी दुधाचा वास जात नाही.

राजेंद्र गॅरेजवाल्यांशी भांडून राहिला आहे. मोठी तक्रार लिहिली त्याने, दोन पानी. मी म्हटलं जाऊ दे, तर म्हणे काहून जाऊ दे, आई, तुम्ही पाच जणी मेल्या असता.

परत आम्ही डाव्या लेनने आलो, मीच चालवली, हाताने. कोणी गायलं नाही. नंदाने उतरताना माझा दंड धरला आणि म्हणाली, "चंदाताई, पुढच्या वेळी मी ट्रेनने येईन. मला ट्रेन बरी वाटते."

तिला ट्रेन कधीच बरी वाटत नव्हती.

बाकी काही नाही.

चंदा


लेस्टर, २० मे

मधू,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांत एक ओळ, आणि ती ही. "चंदे, वंदनेला डोळे मिटलेस ना?"

वाचलं आणि राग आला. कार्ड चहाच्या डब्यामागे टाकलं. रीडिंगला बसून हिला काय कळतं, डोळे तर हिचे गेले आहेत. तीन दिवस मी चहासुद्धा केला नाही त्या डब्यातला, टीबॅगच वापरली. आज काढलं.

मिटले.

असं झालं. नंदाने बुद्धं सरणं सुरू केलं. माझे हात मोकळे होते. मोकळे होते म्हणून जोडले गेले. जुनी गाडी असती तर स्टिअरिंगवर असते, ड्रायव्हरची वंदना आपण नेहमी उघड्या डोळ्यांनीच केली, तूही केलीस, मीही. पण हात जोडले की डोळे मिटतात, मधू. लहानपणी आई डोक्यात टपली मारायची डोळे मिटले नाहीत तर. कोणी विचार करून मिटत नाही. मी पण नाही केला.

आणि पहाटे तीनपासून मी उभी होते. चाळीस माणसांची खीर. डोळे मिटले आणि बरं वाटलं. पंचशीलातलं पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसरं म्हटलेलं आठवतं. एक टुण्ण ऐकू आलं, वाटलं मागे कोणाचा फोन आहे. मग परत वाजलं, जोरात, आणि मला वाटलं कोणीतरी फोन बंद का करत नाही वंदनेत. मग काही नाही.

मग पट्टा खेचला. ब्रेकचे झटके. डोळे उघडले तर गाडी मधल्या लेनमध्ये मरत चालली होती, आणि मागून हॉर्न, लांबच्या लांब, थांबतच नव्हता. मी स्टिअरिंगकडे हात नेला तर तिथे नंदाचा हात होता. तिच्या हिरव्या बांगड्या. माझ्या हाताच्या आधी तिचा पोचला होता. तिला गाडी येत नाही, मधू, तिने आयुष्यात स्टिअरिंग धरलं नाही, पण ती धरून बसली होती.

लॉरीवाल्याने लॉरी बाजूने काढली. मी एक्सिलरेटर दाबला. मागच्या तिघींनी विचारलं काय झालं, आणि माझ्या तोंडातून निघालं, गाडी बिघडली. एक सेकंदही लागला नाही. नंदाने हात काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं.

वंदना अर्धीच राहिली. परत कोणी सुरू केली नाही.

आता गॅरेजचं सांगते, कारण ते जास्त वाईट आहे. राजेंद्र मला घेऊन गेला. सर्व्हिसच्या काउंटरवर एक बाई होती, पोटुशी, सातवा-आठवा महिना असेल, पाय सुजलेले. तिने गाडी दोन दिवस तपासून घेतली होती. नीट बोलली बिचारी. म्हणाली गाडीत काही दोष नाही, ड्रायव्हरची नजर रस्त्यावर नसेल आणि तो उत्तर देत नसेल तर ती अशीच हळू होते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम, तुम्ही त्या दिवशी थकल्या होत्या का?

राजेंद्र तिच्यावर ओरडला. माझा राजेंद्र, जो घरात मुंगी मारत नाही. "माझी आई पस्तीस वर्षं गाडी चालवते. आर यू कॉलिंग माय मदर अ लायर?" सगळं शोरूम बघायला लागलं. ती लाल झाली, सॉरी म्हणाली, कागद गोळा करायला लागली.

आणि मी काय केलं? मी एक माहितीपत्रक उचललं आणि वाचत उभी राहिले. इंग्लिश. मला काय वाचता येतं त्यातलं. चित्रं बघत होते.

अजून कोणाला सांगितलं नाही. सात जूनला परत कार्यक्रम आहे, बाया म्हणतात गाडी दुरुस्त झाली तर नेशील ना चंदाताई. मी हो म्हटलं आहे. नाही म्हणायला कारण सांगावं लागतं.

तू एकटीला कळलं आहे. आणि नंदाला. राजेंद्रला सांगू नकोस, तो अतुलला फोन करतो.

चंदा


लेस्टर, २ जून

मधू, मार्करने एवढंच लिहिते. पुढे मुद्दाम बारीक लिहिलं आहे, ते तुला दिसणार नाही. वैभवीला हाक मार. अतुलला नाही, वैभवीला. तिच्याकडून वाचून घे.

वैभवी बाळा, जय भीम. मी लेस्टरची चंदामावशी. मोठ्याने वाच आणि मध्ये थांबू नकोस, तुझी सासू थांब म्हणाली तरी. आधी थोडं इकडचं आहे, ते तिला ऐकू दे, तुझंही पुढे येतं.

मधू, परवा रविवारी हॉलमध्ये वंदना झाली. मी डोळे उघडे ठेवून म्हटली, सगळ्यांचे चेहरे बघत. संपल्यावर उठले आणि सांगितलं. गाडी बिघडली नव्हती, मी झोपले होते. भाषण नाही केलं. एवढंच, आणि चौघींच्या पाया पडायला वाकले तर गुडघ्याने वाकू दिलं नाही, नंदाने धरलं. ती म्हणाली, "माहीत होतं, चंदाताई. वाट बघून राहिलो होतो." मागच्या तिघी खाली बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं, मधू. महिनाभर मी एकटीच नाटक करत होते आणि त्या मला करू देत होत्या.

राजेंद्रला त्याआधी सांगितलं, शनिवारी, जेवताना. तो ताट घेऊन उठला, सिंकमध्ये ठेवलं, पाणी सोडलं आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "त्या बाईला मी काय काय बोललो, आई." मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. तर म्हणे नको. मग काल मीच गेले, बसने, दोन बस बदलून. ती रजेवर गेली आहे, बाळंतपणाच्या. तिच्या जागेवर दुसरी होती. मी माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, कार गुड, माय आइज बॅड, प्लीज टेल हर. तिला काही कळलं की नाही कोण जाणे. कागदावर लिहून घेतलं तिने. ज्या बाईला सांगायचं होतं तिला सांगता आलं नाही. उशीर केला की असं होतं.

म्हणून तुझ्याबाबतीत आणखी उशीर करत नाही.

किल्ली राजेंद्रकडे दिली. लायसन्स पाकिटात घालून स्वान्सीला पाठवलं. पत्ता मला पाठ होता.

काहून पाठ होता ते आता लिहिते. वैभवी, इथे थांबू नकोस.

मधू, तुझ्याबद्दल स्वान्सीला मी कळवलं होतं. पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी. इंग्लिश निधीकडून लिहून घेतलं, शेजारच्या म्हाताऱ्यासाठी आहे म्हणून सांगितलं, जागा रिकामी सोडायला लावली आणि तुझं नाव, पत्ता, गाडीचा नंबर माझ्या हाताने भरला. नंबर मला पाठ होता, बारा वर्षं त्या गाडीत बसले.

तुझे डोळे गेले होते हे खरं आहे. कळवायला हवं होतं हेही खरं असेल. कोणीतरी ते करायलाच हवं होतं. पण तू माझ्या घरी येऊन बसायचीस, मी तुझ्यासमोर बसून म्हणू शकले असते, मधू, बास कर, मी तुझ्यासोबत डॉक्टरकडे येते. ते केलं नाही. काहून नाही केलं? कारण मला तुझी जागा हवी होती. कार्यक्रम ठरला की सगळे विचारायचे, गाडी कोण नेणार, आणि उत्तर असायचं मधुताई. पोचल्यावर पहिलं ताट ड्रायव्हरला. भंतेजी पण तुझं नाव घेऊन विचारायचे. मी बारा वर्षं तुझ्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसले. होजिअरीतही तू पुढे लाइनची सुपरवायझर झालीस आणि मी मशीनवरच राहिले. एवढंसंच कारण आहे. लिहिताना लाज वाटते इतकं छोटं.

आणि फॉर्म आल्यावर तू मला फोन केलास. हॉलसमोर तसं बोलल्यावरही केलास, दुसऱ्या कोणाला नाही. म्हणालीस, चंदे, खरं सांग, तू कळवलंस का? मी म्हटलं, मी तोंडावर बोलणारी बाई आहे. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढे म्हटलं, "तुझ्या घरात विचार. सूनच म्हणत होती ना, गाडी बंद करा म्हणून."

तू फोन ठेवलास. त्यानंतर ना माझ्याशी बोललीस ना हिच्याशी.

वैभवी, तू काही केलं नव्हतंस. जे वाटलं ते सासूच्या तोंडावर बोललीस, जेवताना, सगळ्यांसमोर. मी जे करते म्हणून मिरवते ते खरं तर तू केलंस. दोन वर्षं तुझा डबा फ्रिजमध्ये तसाच राहिला तो माझ्यामुळे. आणि एप्रिलमध्ये मला ते कळलं तेव्हा मी काय लिहिलं तुझ्या सासूला? तिने कळवलं असेल तर असेल, सोडून दे. म्हणजे वर मोठेपणाही घेतला. ते पत्र घरात असेल, मार्करने लिहिलेलं आहे. पाहिजे तर बघ.

सात जूनला आम्ही कोचने जाणार. नंदाने माझंही तिकीट काढलं, विचारलं नाही. ड्रायव्हरच्या मागची सीट मी नको म्हटलं, मी त्याचा रस्ता बघत बसेन आणि पायाने ब्रेक दाबेन. मागे बसेन.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी हाउन्सलोहून रीडिंगला येते. दुपारी एकच्या सुमारास. तुमच्याकडे जेवणार नाही. दार मधूने उघडलं नाही तर मी समजेन. वैभवी, तू उघडलंस आणि काय बोलायचं असेल ते बोललीस, तर मी पायरीवर उभी राहून ऐकेन, आत बोलावलं नाहीस तरी. मध्येच घाई करणार नाही. मधूला माहीत आहे मला हे किती जड जातं.

मधू, त्या दिवशी मधल्या लेनमध्ये मी तिसऱ्या शीलापर्यंत जागी होते. चौथं, खोटं न बोलण्याचं, तिथपर्यंत पोचलेच नाही. वंदना अर्धी राहिली असं मी लिहिलं होतं.

ते राहिलेलं हे.

चंदा